फोर-बाय-फोर पिकअप खाली बसवली, तर बिघडलं काय?

पाना_पक्कड (भोसरी)

परवा घाटवाट यांनी इथे बाणेर रस्त्यावरच्या एका व्ही-क्रॉसचा (इसुझूची फोर-बाय-फोर पिकअप) फोटो टाकला. गाडी पुढून-मागून दोनेक इंच खाली बसवलेली, हायवे टायर, नंबरप्लेट झाकलेली. वर मजकूर होता, 'उंची नको असेल त्याने सेडान घ्यावी, असल्या माणसाला फोर-बाय-फोर विकूच नये.' त्याखाली भराभर माना डोलावल्या गेल्या. ती गाडी माझी नाही. पण माझीही तशीच बसवलेली आहे आणि पूर्ण विचार करून बसवलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फोर-बाय-फोर आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारही चाकांना ताकद देतात ती पकडीसाठी. रिकाम्या हौद्याची पिकअप पावसात मागून किती हलकी होते, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. ओल्या उतारावर, साइटवरच्या लाल चिखलात मागची दोन चाकं नुसती गरगरत राहतात. पुढची चाकं ओढतात म्हणून गाडी निघते. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे याचा तिथे काही संबंध येत नाही. दगडधोंड्यांवरून जायचं असेल तर येतो, आणि मी तिथून जात नाही. मी भोसरीहून चाकणला आणि तळेगावला डाय-फिक्स्चर, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि पकडसाधनं, पोचवतो.

आता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर. पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा त्याच्या मधोमध असतो. तो जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त टायर ठरवतो. स्प्रिंग बदला, पाटे (मागच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बदला, गाडी चार इंच उचला, तो गोळा एक मिलिमीटर हलत नाही. खाली बसवली तरीही हलत नाही. गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटवर पैसे ओतणाऱ्यांनी एकदा गाडीमागे वाकून बघावं.

उलटण्याचं गणितही साधं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर (ट्रॅक) भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटायला अवघड. ट्रॅक १५७ सेंमी आणि गुरुत्वमध्य ७० सेंमीवर धरला तर १.१२ येतो. दोन इंच खाली आणली की साधारण १.२. नवले पुलाच्या उतारावर समोरच्याने अचानक लेन बदलली की हा फरक हाताला जाणवतो.

आणि 'अशी गाडी कोण बनवतं' हा प्रश्न असेल, तर अमेरिकेच्या जीएमसी कंपनीने १९९१ साली बनवली आहे. सायक्लोन. ४.३ लिटरचं टर्बो व्ही-सिक्स इंजिन, २८० हॉर्सपॉवर, कायम चारही चाकांना ताकद आणि फॅक्टरीतूनच खाली बसवलेली पिकअप. पाव मैलाच्या शर्यतीत तिने फेरारी ३४८ ला मागे टाकलं होतं.

माझ्या गाडीला पुढे त्याच मापासाठी बनवलेल्या छोट्या स्प्रिंग आहेत, मागे कमान बदलून घेतलेले पाटे आणि छोटे शॉकअप. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. बोला.

घाटवाट (पौड रस्ता)

बोलतो. मी ते वाक्य रागात लिहिलं होतं, पण मागे घेत नाही.

मागचा गोळा हलत नाही, बरोबर. पुढच्याचं काय? या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पुढचा डिफरन्शियल चासीला टांगलेला आहे. तुम्ही चासी दोन इंच खाली आणली की तोही दोन इंच खाली आला. क्रॉस-मेंबर (चासीची आडवी पट्टी) खाली आला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) खाली आली, डिझेलची टाकी खाली आली. तुम्ही सोयीचा अर्धा अ‍ॅक्सल दाखवलात.

दुसरं, चाकाचा वर-खाली प्रवास. चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, मोजकीच जागा असते. त्यातले दोन इंच तुम्ही उभ्या गाडीतच संपवलेत. आता मुळशीच्या पुढे पावसाळ्यातला खड्डा आला की स्प्रिंग काम करत नाही, रबर काम करतं. त्यानंतर चासी. ताम्हिणीतून खाली उतरताना हे एकदा सोसून बघा.

आणि सायक्लोनची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिची माल वाहायची मर्यादा होती ५०० पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलो. चढ-चिखलात हळू पण जोरात ओढणारा लो-रेंज गिअर नव्हता. कंपनी स्वतःच सांगत होती की ही गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊ नका. हे तुमचं उदाहरण आहे की माझं?

मी आणि माझे मित्र दर पावसाळ्यात अडकलेल्या गाड्या ओढून काढतो. त्यात खाली बसवलेल्या गाड्यांची पोटं चिखलात अशी रुतलेली असतात की चारही चाकं फिरतात आणि गाडी हलत नाही. पकड म्हणे.

बारचा_माणूस (शनिवार पेठ)

तांत्रिक वाद चालू द्या. शीर्षकातल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो : बिघडतं ते कायद्यापुढे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जे तपशील देऊन गाडीची नोंदणी झाली, त्यांच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. मालकाने परवानगीबाहेर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा.

खरी गोम विम्यात आहे. माझ्या एका अशिलाची पिकअप धडकली. चूक पूर्ण समोरच्याची होती. सर्व्हेअरने खाली वाकून फोटो काढले आणि फाइल आठ महिने लोंबकळली. विमा कंपनीचं नाव सांगत नाही. सगळ्या तशाच आहेत.

पाना_पक्कड

साहेब, माझ्या आरसीवर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आहे, रिकामं वजन आहे, आसनं आहेत. उंची छापलेली नाही. स्प्रिंग बदलल्याने यातलं काय बदललं?

बारचा_माणूस (शनिवार पेठ)

हा युक्तिवाद न्यायालयात करायला मला आवडेल. पण संगम पुलाजवळ आरटीओत उभं राहून इन्स्पेक्टरला पटवायला मला बोलावू नका. आणि घाटवाट, तुम्ही मान डोलावू नका. तुमच्या प्रोफाइलवरच्या फोटोत लिफ्ट आहे, फेंडरबाहेर आलेले मड टायर आहेत, लोखंडी बंपर आहे. असल्या बंपरवर, म्हणजे बुलबारवर, तर सरकारने २०१७ मध्येच बोट ठेवलं आहे. तुमचे बदल मोजले तर यांच्यापेक्षा जास्त भरतील.

घाटवाट (पौड रस्ता)

माझे बदल गाडी जे काम करते त्याच दिशेचे आहेत.

बारचा_माणूस (शनिवार पेठ)

कलमात दिशा लिहिलेली नाही.

पौडफाटा_ते_पौड

सगळे मोठे मुद्दे मांडताय, पण मूळ रोग कोणी बोलत नाही. गाडी खाली असो की वर, या शहरात ती कशाला घासते? स्पीडब्रेकरला!

मी मणक्याचा पेशंट आहे. कोथरूडहून ऑफिसला जाताना मी रस्ता गाडीने नाही, कमरेने मोजतो. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं मानक आहे, आयआरसी ९९. गोलाकार उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी, वक्राची त्रिज्या १७ मीटर, ताशी २५ च्या वेगाने आरामात पार व्हावा असा. आधी सूचनाफलक, वर पट्टे. आता तुमच्या घरासमोरचा आठवा. उरलेलं डांबर फावड्याने ओतून त्यावर रोलरसुद्धा न फिरवता केलेला हातभर रुंदीचा ढीग. पट्टे पहिल्या पावसात गेले. रात्री दिसत नाही. दुचाकीवर मागे बसलेल्या बाया उडून पडतात.

आणि हे बसवतं कोण? सोसायटीतले चार लोक जाऊन कोणाला तरी भेटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर टेकडी. परवानगी, मोजमाप, अभियंता, कोणी नाही. आमच्या गल्लीत दोनशे पावलांत चार आहेत. अँब्युलन्सवाला माझ्या वडिलांना घेऊन जाताना प्रत्येकावर थांबत होता आणि वडील स्ट्रेचरवर ओरडत होते. ते मी विसरणार नाही.

वारजेची_आई

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या शाळेसमोर स्पीडब्रेकर नव्हता तेव्हा काय होतं तेही ऐका. माझ्या मुलाच्या वर्गातल्या मुलीला सुसाट आलेल्या गाडीने उडवलं. वाचली, पण वर्षभर शाळेत आली नाही. आम्ही आया पावसात उभ्या राहून सह्या गोळा केल्या. अर्ज दिला, पुन्हा दिला. शेवटी जो ढीग मिळाला तो ओबडधोबडच मिळाला, आणि आम्ही तो हात जोडून घेतला. तुमच्या कमरेला लागतो, पण गाड्या थांबतात. तो काढा म्हणणारा माणूस आधी शाळा सुटताना तिथे येऊन उभा राहू दे.

पौडफाटा_ते_पौड

ताई, मी काढा म्हटलंच नाही. मापात करा म्हटलं.

वारजेची_आई

मापातला करायला दहा वर्षं लावतील. तोवर काय?

पौडफाटा_ते_पौड

म्हणून कोणीही उठून डांबर ओतायचं? त्याच ढिगावर घसरून दुसऱ्या कोणाचं मूल पडलं तर तुमच्या सह्यांचा कागद कोणाला दाखवायचा?

वारजेची_आई

हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडावर बोलून दाखवा. मुलीचं रक्त रस्त्यावर मी पाहिलंय.

चिंचवडचे_आजोबा

दोघांनी आवाज खाली करा. मी ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलं आहे, थोडं मापाचं बोलू द्या, म्हणजे हा विषय आणि पिकअपचा विषय एकच आहे हे कळेल.

या पिकअपचा व्हीलबेस साधारण ३.१ मीटर. आयआरसीच्या मापातला उंचवटा ३.७ मीटर रुंद, म्हणजे व्हीलबेसपेक्षा मोठा. पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी उंचवट्यावर मावतात. अशा वेळी दोन चाकांच्या मधे उंचवटा किती वर येतो? व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ९.६ भागिले १३६. सात सेंटिमीटर. खाली बसवलेल्या पिकअपच्या पोटाखाली १७ सेंमी उरले असतील तरी निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहते.

आता तो हातभर रुंदीचा, १५ सेंमी उंचीचा ढीग घ्या. पुढची चाकं ओलांडून गेली, मागची अजून अलीकडे. दोन्ही सपाटीवर आणि ढीग बरोबर पोटाखाली. पूर्ण १५ सेंमी. १७ मधून १५ गेले, दोन उरले, आणि गाडी हेलकावा घेते तेव्हा तेही उरत नाहीत. म्हणजे ताईंना हवी तशी गाडी हळू होते आणि कोणाचंही पोट घासत नाही, अशी वस्तू छत्तीस वर्षांहून जास्त काळ कागदावर तयार आहे. बनवणाऱ्यांनी फूटपट्टी वापरलेली नाही, एवढंच.

पिकअपबद्दल माझं मत : पाना_पक्कड यांनी जे केलं ते चालेल, पण ते वाचून पोरं काय करतील याची मला काळजी वाटते. भवानी पेठेत, भोसरीत गल्लोगल्ली गॅस कटर आहे. स्प्रिंगचे वेढे कापतात. कापलेली स्प्रिंग गाडी जॅकवर उचलली की जागा सोडते आणि गॅसने तापवलेल्या स्टीलचं पाणी, म्हणजे टणकपणा, जातो. मागे तर पाट्यांच्या खाली असलेला अ‍ॅक्सल उचलून पाट्यांच्या वर घेतात, त्याला फ्लिप म्हणतात. गाडी पाच-सहा इंच खाली येते, मग अ‍ॅक्सल चासीला आपटतो, मग चासीला अर्धचंद्र कापून पट्टी वेल्ड करतात. ती वेल्डिंग कोण तपासतो? शिवाय पिनियनचा (डिफरन्शियलच्या तोंडाच्या गिअरचा) कोन बदलतो आणि त्याला ताकद पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो. महिन्याभरात शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गेला की कंपनीला शिव्या.

पाना_पक्कड

आजोबा, फ्लिपला माझाही विरोध आहे. फोर-बाय-फोरला तर नकोच नको. पुढची बाजू खाली आणायला अमेरिकेत ड्रॉप स्पिंडल (चाक वरच्या जागी बसवणारा भाग) वापरतात तेही टू-व्हील-ड्राइव्हचं काम आहे, आपल्या हबमधून शाफ्ट जातो. म्हणून मी दोन इंचावर थांबलो. आणि घाटवाट यांना सांगायचं राहिलं : दोन इंच खाली आल्यावर पुढच्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाकाकडचे वळते सांधे) जास्त सरळ होतात. तुमच्या लिफ्टमध्ये ते वाकलेले असतात. त्यांच्यावरचे किती रबरी बूट फाडलेत ते इथे सांगा.

घाटवाट (पौड रस्ता)

फाडलेत. बदललेत. रस्त्यावर उभं राहून बदललेत. म्हणून कोणी लिफ्ट करायचं सोडत नाही.

तुम्हाला उंची कशासाठी ते सांगतो. २५ जुलै २०२४, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं. माझी आत्या तिथल्या बाजूच्या गल्लीत राहते. चारचाक्या पाण्यात बंद पडून होत्या. मी पिकअप घालून तिला, तिच्या शेजारच्या आजींना आणि एका घरातल्या लेकरांना हौद्यात बसवून बाहेर काढलं. तुमची खाली बसवलेली गाडी तिथे काय करणार होती? टोयोटाच्या हायलक्स पिकअपला कंपनी ७०० मिमी खोल पाण्यातून जाण्याचा आकडा देते. तो कंपनीच्या उंचीचा आहे, तुमच्या नाही. सेंटिमीटर भागिले मीटर करत बसणाऱ्यांनी हे गणितात बसवून दाखवावं.

पाना_पक्कड

तुम्ही केलंत ते मोठं काम होतं, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण एकतानगरीत तळमजले बुडाले होते, अग्निशमन दलाला होड्या घालाव्या लागल्या, लष्कर बोलावलं. तिथे दोन इंचांनी काही ठरलं नाही. तुम्ही ज्या गल्लीत शिरलात तिथे गुडघाभर असेल, आणि इंजिनाची हवा घ्यायची नळी माझ्या गाडीतही गुडघ्याच्या बरीच वर आहे. एका दिवसाच्या पुरासाठी मी वर्षभर उंच गाडी चालवावी हा हिशोब मला मान्य नाही.

घाटवाट (पौड रस्ता)

तुम्ही तिथे नव्हता.

पाना_पक्कड

नव्हतो. बायपासवर उलटलेल्या पिकअपशेजारी होतो. त्यात माझा कामगार होता. कंपनीच्या उंचीची गाडी, रिकामा हौदा, पाऊस. आता मी तुम्हाला 'तुम्ही तिथे नव्हता' म्हणू का?

अंजीरवाला (सासवड)

राम राम. तुमची भांडणं वाचतोय. मी पुरंदरचा शेतकरी, पिकअप शोकेससाठी नाही. मला मागची बाजू खाली हवी आहे आणि कारण कोणीच बोललं नाही : हौद्याच्या मागच्या फाळक्याची उंची. फोर-बाय-फोर पिकअपचा हौदा एवढा वर असतो की क्रेट छातीपर्यंत उचलावा लागतो. मी उचलतो, पण बरोबर आई असते. तिचं वय झालंय, गुडघे गेलेत, तरी तोडणीच्या दिवसांत घरी बसत नाही. दोन-तीन इंचांनी तिचा दिवस बदलतो. आणि फोर-बाय-फोर मला हवीच, पावसात रानातून रस्त्यावर यायला दुसरा मार्ग नाही.

पण आधीच्या जुन्या पिकअपला जे झालं ते सांगतो. गॅरेजवाल्याने सांगितलं, 'मालक, एक पाटा काढून टाकू, गाडी बसेल आपोआप.' काढला. रिकामी बसली छान. क्रेट भरले की मागे ठणठण आदळायची. आणि त्याहून वाईट, एकदा पावसात रिकामी गाडी दिवे घाटातून उतरताना साधा ब्रेक मारला तर मागची चाकं जाम झाली आणि गाडी आडवी. खाली दरी. ब्रेक तपासले, लायनर चांगले, तेल ठीक. कारण आजतागायत कळलं नाही.

पाना_पक्कड

अंजीरवाले, कारण मी सांगतो. जुन्या पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला लिव्हर जोडलेला असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. मालाने गाडी मागे दबली की लिव्हर वळतो, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असताना कमी सोडतो, म्हणजे हलकी चाकं जाम होऊ नयेत. तुमच्या गॅरेजवाल्याने पाटा काढून गाडी दाबली आणि लिव्हर तसाच ठेवला. रिकामी गाडी त्या व्हॉल्व्हला कायम भरलेली वाटत होती. पावसात रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीचा ब्रेक लागला. लिव्हरची लांबी जुळवून घ्यायला हवी होती, पाच मिनिटांचं काम. एबीएस-ईबीडीवाल्या (ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक्सने वाटणाऱ्या) बऱ्याच नव्या गाड्यांत हा लिव्हर नाही, पण ज्यात आहे तिथे हे विसरणं म्हणजे जीवाशी खेळ.

चिंचवडचे_आजोबा

अगदी बरोबर. आणि पाटा काढणं हा मार्गच चुकीचा. पाटे तेवढेच ठेवून कमान कमी करून घ्यायची, तीही मर्यादेत. पाटा काढला की वजन पेलायची ताकदच गेली.

अंजीरवाला (सासवड)

हे त्या माणसाने तेव्हा सांगितलं असतं तर. पैसे मोजून घेतले होते.

रात्रपाळी (रांजणगाव)

आणि दिवे? मागचीच बाजू खाली घेतली की नाक वर होतं आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. मी रोज रात्री नगर रस्त्याने येतो. या पिकअपवाल्यांचे एलईडी, वर बसवलेले बार, सगळे लावून येतात. लिफ्टवाले तर सरळ माझ्या आरशात उजेड पाडतात. वाघोलीपर्यंत डोळ्यांत पाणी येतं. गाडी वर करा, खाली करा, आधी भिंतीसमोर उभी करून दिवे जुळवा. कोणीही जुळवत नाही. कोणीही!

पाना_पक्कड

मी जुळवले आहेत. अलाइनमेंटही केली आहे. पुढे खाली आली की चाकांचा वरचा भाग आत झुकतो आणि टायर आतून खातो, म्हणून कॅम्बर-टो (चाकांचा झुकाव आणि दिशा) दोन्ही करून घ्यावे लागतात.

वारजेची_आई

मला गाड्यांतलं कळत नाही, पण एक विचारते. शाळेसमोर ज्या उंच केलेल्या गाड्या येतात त्यांच्या बॉनेटच्या पुढे माझा मुलगा उभा असला तर चालवणाऱ्याला दिसतो का? मी एकदा स्वतः उभी राहिले. बॉनेट माझ्या छातीला आलं. आठ वर्षांचं मूल त्यामागे पूर्ण झाकलं जातं.

चिंचवडचे_आजोबा

ताई, यावर अमेरिकेत विमा कंपन्यांच्या आयआयएचएस संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास मांडला आहे. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त निघाली.

वारजेची_आई

मग घाटवाट दादा, तुमची उंच गाडी घाटात राहू दे. शाळेच्या रस्त्यावर मला ती दुसऱ्यांची खाली बसवलेलीच चालेल.

घाटवाट (पौड रस्ता)

ताई, मी शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्याने जात नाही. पण तुमचा मुद्दा आहे, उत्तर माझ्याकडे नाही.

बाकीच्यांना : अंजीरवाल्यांचं कारण मला पटलं. आईसाठी फाळका खाली आणायचा असेल तर आणा. पाटे सगळे ठेवून, लिव्हर जुळवून, दिवे जुळवून, दोन इंच. पाना_पक्कड यांनीही कापाकापी केलेली नाही हे वाचलं. त्यांच्या कामाला दोन इंच चालतात, चालू देत. पण बाणेर रस्त्यावरची ती गाडी क्रेट वाहत नव्हती. हौद्यावर चकचकीत झाकण, आत एक ओरखडा नाही. तिच्याबद्दल माझं मत तेच आहे आणि राहील. आणि बंप स्टॉपच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पाना_पक्कड

देतो. छोट्या शॉकअपबरोबर आखूड बंप स्टॉप घातलेत, त्यामुळे गेलेल्या प्रवासातला थोडा परत मिळाला, सगळा नाही. स्प्रिंग कंपनीपेक्षा कडक आहेत, म्हणून तेवढ्या दबत नाहीत. खड्ड्यात तुमच्या गाडीपेक्षा जास्त बसतं, हे मान्य. ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवर मी ती आणणार नाही. पण हौद्यावरचं झाकण बघून माणसाची लायकी ठरवू नका. झाकणाखाली माझ्याही गाडीत लाखाचं फिक्स्चर असतं आणि त्याला पाऊस लागून चालत नाही.

अंजीरवाला (सासवड)

पाना_पक्कड, कमान कुठे बदलून घेतलीत? सासवडला हे काम करणारा कोणी नाही. भोसरीला आलो तर एका दिवसात होईल का, की गाडी ठेवावी लागेल? तोडणी सुरू व्हायच्या आत करायचंय.

पाना_पक्कड

ठेवावी लागेल. पाटे काढून पुन्हा पाणी द्यावं लागतं, घाई केली तर महिन्यात बसतात. कंपनीचा पाट्यांचा भाग-क्रमांक आणि भरलेल्या क्रेटचं एकूण वजन निरोपात पाठवा. वजन खरं सांगा, कमी करून सांगू नका.

पौडफाटा_ते_पौड

वारजेच्या ताई, कालचं माझं वाक्य कडू होतं, पण मुद्दा सोडत नाही. तुमच्या शाळेसमोरचा ढीग मापात करून घ्यायचा अर्ज मी लिहितो. ३.७ मीटर, १० सेंमी, आधी फलक, पट्टे थर्मोप्लास्टिकचे. आजोबांचं गणित सोबत जोडतो. सह्या तुम्ही घ्या, तुमच्याकडे सवय आहे.

वारजेची_आई

घेते. पण अर्जात पहिली ओळ अशी हवी की नवा तयार होईपर्यंत जुना काढायचा नाही. ती नसेल तर मी सही करणार नाही.